पूररेषा कुणाच्या दारातून जाते?

(कल्याण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपल्या अभ्यासवर्गात शिक्षणावर, राज्यघटनेवर, महिलांच्या हक्कांवर बोलणारे अनेक जाणकार येऊन गेले. मी त्या अर्थाने विचारवंत नाही. मी सर्व्हेचे आणि नकाशे काढण्याचे काम करणारा माणूस आहे. त्यामुळे आज मी नकाशावरच बोलणार आहे. पण हा नकाशा साधा नाही. तुमच्या घराची किंमत, तुमच्या वस्तीचे भवितव्य आणि पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री तुम्ही झोपणार की जागणार, हे सगळे त्या नकाशावरच्या एका रेषेवर ठरते. त्या रेषेला पूररेषा म्हणतात. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी आपल्या वस्तीची पूररेषा पाहिली आहे? हात वर करा. दोन. बरं, त्यातले एक स्वतः आर्किटेक्ट आहेत.

आधी नदीची ओळख करून घेऊ. कल्याणला आपण जिला खाडी म्हणतो, ती मुळात उल्हास नदी. ती राजमाची-खंडाळ्याच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत अंबरनाथ-उल्हासनगरच्या कडेने इथे येते. काळू आणि भातसा या दोन मोठ्या नद्या कल्याणच्या परिसरात तिला मिळतात. बारवी तिला आधीच मिळालेली असते. अंबरनाथच्या डोंगरातून निघणारी वालधुनी उल्हासनगरची सगळी घाण पोटात घेऊन कल्याणात येते. पुढे डोंबिवली, भिवंडी, मुंब्रा, ठाणे करत हे पाणी घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीतून समुद्राला जाते. लांबी सुमारे १२२ किलोमीटर. खोरे म्हणजे ज्या जमिनीवर पडलेला पाऊस शेवटी या एका नदीत येतो ती सगळी जमीन, ती साधारण साडेचार हजार चौरस किलोमीटर भरते.

आता गंमत पाहा. या एका खोऱ्यावर किती जणांचे राज्य आहे? वरचे कर्जत रायगड जिल्ह्यात. बदलापूर आणि अंबरनाथला नगरपालिका. उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदर, वसई-विरार यांच्या महापालिका वेगवेगळ्या. मधल्या गावांसाठी एमएमआरडीए आणि जिल्हा परिषद. बारवी धरण एमआयडीसीचे. भातसाचे पाणी मुंबईला. पूररेषा आखण्याचे काम जलसंपदा विभागाचे. खाडीकाठी सीआरझेड, म्हणजे आणखी वेगळे खाते. रेल्वे तर स्वतःच एक सरकार. प्रत्येकाकडे आपापल्या हद्दीचा नकाशा आहे आणि हद्द संपली की कागद कोरा. पाण्याला मात्र हद्दीचा दगड दिसत नाही.

म्हणून पहिला मुद्दा: पुराचा धोका मोजायचा तर तो अख्ख्या खोऱ्याचा मोजावा लागतो. बदलापूरला नदीकाठी भराव घालून वसाहत उभी राहिली, तर तिथे पूर्वी शेतात पसरणारे पाणी आता पसरणार नाही. ते खाली येईल, जास्त वेगाने आणि आधी. त्याचा हिशोब बदलापूरच्या विकास आराखड्यात नाही, कारण पाणी त्यांच्या हद्दीबाहेर गेले. कल्याणच्याही आराखड्यात नाही, कारण भराव आमच्या हद्दीत नाही. युरोपीय संघाने २००७ साली पुराविषयी जो निर्देश काढला, त्यात सदस्य देशांना नदीखोरे हा घटक धरून पूरधोक्याचे नकाशे २०१३ अखेरपर्यंत करायला सांगितले आणि दर सहा वर्षांनी फेरआढावा बंधनकारक केला. तिथे नद्या देशांच्या सीमा ओलांडतात, तरी हे जमते. आपल्याला बदलापूर आणि कल्याण एका कागदावर आणायचे आहेत, एवढेच.

आता पुरांविषयी. २६ जुलै २००५ म्हटले की सगळ्यांना मुंबई आणि मिठी नदी आठवते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा पाठ आहे. पण त्या दिवशी बदलापूर, उल्हासनगर, कल्याण इथे काय झाले, हे इथल्या चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा. मुंबईची बातमी मोठी होती म्हणून आपली बातमी छोटी झाली. नंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले, मुंबईत पर्जन्यमापक बसले. जून २०२० मध्ये मुंबईसाठी 'आयफ्लोज' नावाची पूर-इशारा प्रणालीही सुरू झाली. चांगली गोष्ट आहे. उल्हास खोरे मात्र त्या चित्राच्या कडेला राहिले.

मग २७ जुलै २०१९. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. रुळांच्या दोन्ही बाजूंना समुद्र झाला होता. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल, स्थानिक गावकरी असे सगळे लागले तेव्हा सुमारे १०५० प्रवासी सुखरूप बाहेर आले. देशभर तो प्रसंग बचावाची कथा म्हणून गाजला आणि ती खरोखर गाजण्यासारखी होती. माझ्या मनात मात्र एक कोरडा प्रश्न होता. गाडी जिथे अडकली ती जागा नदीच्या पूरमैदानात आहे. ते मैदान भरणार, किती पावसाला भरणार आणि कर्जतला पाऊस पडल्यावर किती तासांनी भरणार, हे आधी मोजून ठेवता येते. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात तो नकाशा भिंतीवर असता, तर गाडी आधीच्या स्थानकावर थांबवता आली असती की नाही? त्यानंतर आठवडाभरातच, ४ ऑगस्टच्या सुमारास, पुन्हा पूर आला. २०२१ च्या जुलैत परत. त्याच २२ जुलैला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाले.

आता पूररेषा म्हणजे काय ते सांगतो. जरा लक्ष द्या, कारण इथेच सामान्य माणसाला गंडवले जाते.

राज्याच्या तेव्हाच्या पाटबंधारे विभागाने १९८९ साली एक परिपत्रक काढले. त्यानुसार नदीला दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी, यांपैकी जे जास्त असेल ते जिथवर पोहोचेल ती रेषा. लाल रेषा म्हणजे सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणाच्या खालच्या अंगाला सांडव्यातून सुटू शकणारे कमाल पाणीही त्यात धरायचे. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध. तिथे मैदान करा, बाग करा, शेती करा, घर बांधू नका. निळी आणि लाल यांच्यामधला पट्टा नियंत्रित. तिथे अटींवर बांधकाम. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही हीच विभागणी आहे आणि नियंत्रित पट्ट्यात जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवे अशी अट आहे.

'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द ऐकले की माणूस म्हणतो, चला, २००५ ला येऊन गेला, आता २१०५ पर्यंत निवांत. बिल्डरचा सेल्समनही हेच सांगतो. भिशीचे उदाहरण घेऊ. आपल्या घरांतल्या बायका बीसी लावतात. ज्या बाईचा नंबर लागला तिची चिठ्ठी डब्यातून बाहेर. वर्ष संपेपर्यंत तिचा नंबर पुन्हा नाही. पुराच्या बीसीत चिठ्ठी परत डब्यात टाकतात. डब्यात १०० चिठ्ठ्या, एकीवर 'पूर' लिहिलेले, दर पावसाळ्यात एक चिठ्ठी काढायची, वाचायची आणि परत टाकायची. गेल्या वर्षी निघाली म्हणून यंदा निघणार नाही असे काही नाही. आता गृहकर्ज २० वर्षांचे आहे असे धरा. लाल रेषेच्या काठावर घर असेल, तर त्या २० वर्षांत एकदा तरी ते पाणी घरापाशी येण्याची शक्यता १८ टक्के. निळ्या रेषेच्या काठावर असेल तर ५६ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. बँकेचा हप्ता संपायच्या आत. एवढे एक वाक्य घराच्या करारनाम्यात मोठ्या अक्षरांत छापले, तर किती सौदे होतील?

हा हिशोबसुद्धा जुन्या पावसाच्या नोंदींवर आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. म्हणजे डब्यात पुराच्या चिठ्ठ्या वाढत चालल्या आहेत आणि आपण अजून एकच धरून चाललो आहोत.

मग नकाशा कसा काढतात? तीन गोष्टी लागतात. पाऊस किती पडतो, पाणी नदीत किती आणि कधी येते, आणि जमिनीची उंची कुठे किती आहे. पहिल्या दोन गोष्टींसाठी सूत्रे आहेत, संगणकावरचे नमुने आहेत. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी बनवलेले 'हेक-रास' फुकट मिळते, आपल्याकडचे अभियांत्रिकीचे विद्यार्थीही ते वापरतात. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाला ढगाआडूनही पाणी दिसते, त्याची चित्रेही फुकट आहेत. अडचण तिसऱ्या गोष्टीची. जगभर फुकट मिळणारे उंचीचे जे उपग्रह-नकाशे आहेत, त्यांतला सर्वात प्रसिद्ध २००० सालच्या अवकाशयानाच्या मोहिमेतून आला. त्यातला एक चौकोन ३० मीटरचा. उंचीत काही मीटरची चूक असू शकते आणि दाट वस्तीत तो इमारतीच्या गच्चीलाच जमीन समजतो. डोंगरात हे चालून जाते. पण गोविंदवाडीपासून रेतीबंदरपर्यंत जमीन इतकी सपाट आहे की अर्ध्या मीटरच्या फरकाने पाणी उंबऱ्याबाहेर राहते की पलंगावर येते, हे ठरते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली शहरी पुरावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात शहरांसाठी ०.२ ते ०.५ मीटर अंतराच्या समोच्च रेषांचे नकाशे हवेत असे म्हटले आहे. ड्रोन आणि लायडरने हे काम आज सहज होते. रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाच्या बजेटपुढे त्याचा खर्च फार नाही. रस्त्यांचा विषय काढला म्हणून सांगतो, दर वेळी जुन्या रस्त्यावर नवा थर चढतो, रस्ता वर जातो आणि चाळ खड्ड्यात जाते. हेही कुठल्या नकाशात येत नाही.

आपल्या खोऱ्याची आणखी एक खोड आहे, ती वरच्या नद्यांना नसते. भरती. सांगलीचा, कोल्हापूरचा पूर दिवसेंदिवस चढतो आणि दिवसेंदिवस उतरतो. आपला पूर घाटातून काही तासांत येतो. त्याच वेळी अमावस्या-पौर्णिमेचे उधाण असेल, तर खालून खाडीचे पाणी वर रेटते आणि नदीला जायला वाट उरत नाही. जुने कोळी आणि रेतीवाले हे तोंडपाठ सांगतात. उधाणाच्या दिवशी आभाळ भरले की ते होड्या वर ओढून घेतात. सरकारी कागदावर मात्र नदीचा पूर जलसंपदाकडे आणि भरतीची रेषा सीआरझेडकडे. दोन्ही एकाच वेळी आले तर पाणी कुठवर येईल, याची एकत्र रेषा आखून ती आपल्या दारापर्यंत कुणी आणलेली नाही. आणि आपल्याकडे माणूस बुडतो तो नेमका या दोन्हींच्या मध्ये. खाजणे आणि खारफुटी ही या पाण्याची पसरायची जागा होती. दिव्याला, मुंब्र्याला, डोंबिवलीच्या खाडीकाठी तिथे भराव पडला. ज्यांनी भराव टाकला ते तिथे राहत नाहीत. ज्यांना ती खोली परवडली, ते राहतात.

इथे मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. पुराचा धोका म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. तिथे कोण राहते आणि पाणी आल्यावर त्याच्या हातात काय उरते, हे मिळून धोका होतो. सखल जमिनीवर कोण राहते? ज्याला दुसरीकडे घर मिळत नाही तो. पैशामुळे मिळत नाही, आणि आपल्याला माहीत आहे, कधी कधी नावामुळेही मिळत नाही. मुंब्र्याची वस्ती १९९२-९३ च्या दंगलींनंतर कशी वाढली हे इथे मी कुणाला शिकवायला नको. लोक सुरक्षितता शोधत आले आणि डोंगर व खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने राहिले. हीच कथा वालधुनीकाठच्या दलित वस्त्यांची, खाडीकाठच्या परप्रांतीय मजुरांच्या चाळींची, फाळणीनंतर छावणीत आणून टाकलेल्या उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांची. भिवंडीत कामवारी नदी फुगली की ईदगाह रोडच्या झोपड्यांत पाणी शिरते, तिथे यंत्रमाग कामगार राहतात. धर्म वेगळे, जाती वेगळ्या, जमिनीची उंची एकच.

आणि पाणी ओसरल्यावर? तलाठी पंचनाम्याला येतो. घरमालकाचे नाव लागते, भाडेकरूचे राहते. रेशन कार्ड, आधार, शाळेचा दाखला, निकाहनामा, सगळे लगदा झालेले. कागद भिजला की माणूस किती हतबल होतो, हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून मी म्हणतो, धोक्याच्या नकाशात पाण्याच्या खोलीच्या शेजारी आणखी एक थर हवा. कुठे तळमजल्यावर भाडेकरू जास्त आहेत, कुठे अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत, कुठे एकट्या बायका मुले घेऊन राहतात. तो थर सरकारी उपग्रह देणार नाही.

तो थर आपण देऊ शकतो. गेल्या दोन वर्षांत मी आणि आपल्यातली काही तरुण मुले-मुली वालधुनी आणि खाडीकाठच्या काही गल्ल्यांत फिरलो. साधने काय? मोबाईल, खडू आणि गवंड्याची लेव्हल पाइप. पारदर्शक नळीत पाणी भरले की दोन्ही टोकांना पातळी एकच, एवढ्यावर काम. आम्ही दारात जाऊन विचारायचो, २००५ ला पाणी कुठवर आले होते, २०१९ ला कुठवर? पुरुषांना विचारले की ते हात पसरून म्हणायचे, 'खूप आले होते.' बायकांना विचारले की नेमके उत्तर. 'कपाटाचा दुसरा खण भिजला, तिसरा नाही.' 'गॅसचा ओटा बुडाला नाही, पण सिलिंडर तरंगला.' एका खालांनी भिंतीवर प्लास्टरमागची ओल दाखवली, रंग तीनदा दिला तरी ती रेषा परत दिसते म्हणाल्या. ओटा, कपाट, मीटरची पेटी, हे सगळे जागच्या जागी असते. त्याची उंची टेपने मोजायची, लेव्हल पाइपने ती गल्लीच्या कोपऱ्यावरच्या एका पक्क्या खुणेशी जोडायची आणि ती खूण नंतर यंत्राने समुद्रसपाटीशी. इंचाच्या आसपास अचूक. लाखो रुपयांचा संगणकी नमुना बरोबर आहे की नाही, हे तपासायला तज्ज्ञांना नेमक्या अशाच खुणा लागतात. त्या त्यांच्याकडे नसतात.

याचा दुसरा उपयोग इशाऱ्याला. पावसाळ्यात बातमी येते, बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५० मीटर, नदी अमुक मीटरवर. ऐकणाऱ्या बाईला यातून काय कळते? १७.५० म्हणजे तिच्या उंबऱ्याच्या वर की खाली? नकाशा नीट असेल तर त्याचे उत्तर गल्लीनिहाय देता येते. 'नदी एवढ्यावर गेली तर तुमच्या गल्लीत गुडघाभर, पुढच्या गल्लीत कंबरभर.' बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरले की ते आपोआप उघडतात. २०१९ पासून तिथे वाढीव उंचीपर्यंत पाणी साठवले जाते. दरवाजे उघडल्याचा मेसेज मोबाईलवर येतो, पण त्यापुढे काय करायचे ते मेसेजमध्ये नसते. मस्जिदीचा भोंगा, मंदिराचा, बुद्धविहाराचा, जो असेल तो, अशा वेळी मोजूनमापून वापरता येईल. त्यासाठी आधी आपल्या मस्जिदी, शाळा, समाजमंदिरे यांची जोती किती उंच आहेत हेही मोजून ठेवा. निवारा म्हणून ठरवलेली शाळाच पाण्यात, असा प्रकार मी पाहिला आहे.

आता दोन आक्षेपांवर बोलतो, कारण चहाच्या वेळी तेच निघणार आहेत.

पहिला आक्षेप बांधकाम व्यावसायिकांचा. बदलापूरला पूररेषा आखल्या गेल्या तेव्हा त्या चुकीच्या आहेत, फेरसर्वेक्षण करा, अशी मागणी झाली. ती सरसकट धुडकावण्यासारखी नाही. नदीच्या आडव्या छेदांची मोजणी विरळ असेल, पूल आणि भराव धरले नसतील, तर रेषा खरोखर चुकते. पण मग मोजणी अधिक बारकाईने करा, आकडेवारी सगळ्यांसमोर ठेवा. फेरसर्वेक्षणानंतर रेषा नेहमी नदीच्याच दिशेने का सरकते, हा प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला आहे. आणि ०.४५ मीटर उंच जोत्याचा नियम. तो त्या इमारतीला वाचवतो. पण जोते उंच करायला आवारात माती भरली, तर ते पाणी शेजारच्या बैठ्या चाळीत जाते. माझ्या नात्यातल्या एका कुटुंबाची खोली अशा एका नव्या संकुलाच्या कुंपणाला लागून आहे. संकुलाच्या जाहिरातीत नदीच्या दृश्याचे कौतुक होते. संकुल झाल्यावर पहिल्याच मोठ्या पावसात ते दृश्य या लोकांच्या स्वयंपाकघरात आले. खांबांवर इमारत उभी करून खालून पाणी जाऊ देणे शक्य असते. नियमात तसे स्पष्ट असायला हवे. संरक्षक भिंतीचेही तेच. भिंत या काठाला बांधली की पूर समोरच्या काठाला जातो.

दुसरा आक्षेप आपल्या माणसांचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. 'नकाशा काढाल, रेषा आमच्या झोपडीतून जाईल आणि दुसऱ्या दिवशी बुलडोझर येईल. त्यापेक्षा नकाशा नको.' ही भीती निराधार नाही. पर्यावरणाचे नाव घेऊन झोपड्या हटतात आणि त्याच रेषेतले मोठे बांधकाम दंड भरून नियमित होते, हे आपण पाहतो. तरीही नकाशा नको हे मला पटत नाही. रेषा कागदावर नसली तरी पाण्याला ती माहीत आहे. आणि नकाशा आज ना उद्या होणारच. प्रश्न एवढाच की तो होताना आपण खोलीत असू की दाराबाहेर. आपण खोलीत असलो तर आग्रह धरू शकतो की निळ्या रेषेच्या आतल्या राहत्या वस्तीसाठी त्याच विकास आराखड्यात, त्याच शहरात, उंचावर पुनर्वसनाचे आरक्षण दाखवल्याशिवाय रेषा लागू करायची नाही. शिळफाट्यापलीकडे नेऊन टाकले तर ज्याचा हातगाडीचा धंदा स्टेशनजवळ आहे तो महिन्याभरात परत खाडीकाठी येतो. आणि झोपडी हटल्यावर मोकळी झालेली जागा बांधकामाला नव्हे, पाण्यालाच राहील, हे लेखी हवे.

केंद्रीय जल आयोगाने पूरमैदानांच्या विभागणीचा आदर्श कायदा १९७५ साली राज्यांना पाठवला. मणिपूर, राजस्थान अशा मोजक्या राज्यांनी तसा कायदा केला. महाराष्ट्र परिपत्रके आणि नियमावलीवर चालतो. परिपत्रक बदलायला विधानसभा लागत नाही, हे त्यातले दुखणे.

मग आपण नेमके काय मागायचे? उल्हास, काळू, भातसा, बारवी, वालधुनी, कामवारी मिळून एकच पूरधोका नकाशा, भरतीसकट. त्यात नुसत्या दोन रेषा नकोत, पाण्याची खोली हवी, घोट्याएवढी कुठे, डोक्यावर कुठे. तो मराठीत, सर्व्हे नंबरनिहाय, फुकट बघता यावा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पापुढे त्याची पूररेषा लिहिलेली असावी, जसे कर्जाचे बोजे लिहितात. नवे दवाखाने, वीज उपकेंद्रे, शाळा लाल रेषेच्या आत नकोत. निळ्या पट्ट्यात खेळाचे मैदान करा, रोपवाटिका करा, भाजीचे मळे राहू द्या. कब्रस्तान आणि स्मशान आपल्याकडे बहुतेक पाण्याच्या काठीच दिलेले असते, त्यांचीही पातळी त्या नकाशात हवी. पावसाळ्यात मय्यत कुठे न्यायची हा प्रश्न काही वस्त्यांना खरोखर पडतो.

प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मुदत थोड्या दिवसांची असते आणि नकाशे महापालिकेच्या भिंतीवर बारीक अक्षरांत लावलेले असतात. तेव्हा धावाधाव करून उपयोग नाही. पुराच्या खुणा, मोजमापे, फोटो आपल्याकडे आधीच तयार असतील तर हरकतीला वजन येते. 'आमच्याकडे पाणी येते' या अर्जाला उत्तर येत नाही. 'सर्व्हे नंबर अमुक, २७ जुलै २०१९, जमिनीपासून १.२ मीटर, सोबत फोटो आणि खूण' या अर्जाला सुनावणीत बाजूला सारणे कठीण जाते.

मे महिन्याच्या दर रविवारी सकाळी सात ते दहा आम्ही मोजणीला निघणार आहोत. ऊन चढायच्या आत परत. लेव्हल पाइप माझ्याकडे तीन आहेत. प्रत्येक गटात किमान दोन महिला हव्यात, कारण स्वयंपाकघरात जाऊन ओटा मोजायचा असतो. ज्यांच्या घरी २००५ चे किंवा २०१९ चे फोटो असतील त्यांनी ते शोधून ठेवावेत, मागे भिंत किंवा दार दिसत असेल तर उत्तम. नावे बाहेरच्या टेबलावरच्या वहीत लिहा, गल्लीच्या नावासह. आता प्रश्न विचारा.